महाबळेश्वरची वटवाघळं, निपाह आणि पेशीवरचा ‘पोर्ट’

जून 2021 मध्ये बातमी आली: महाबळेश्वरच्या वटवाघळांत निपाह! सातारा-सांगलीकरांना महाबळेश्वर म्हणजे घरचंच ठिकाण, त्यामुळे धास्ती साहजिक होती. झालं होतं असं, की मार्च 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तिथल्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. काहींच्या रक्तात निपाहविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. माणसाला लागण झाल्याची ती बातमी नव्हतीच.

पण निपाहला एवढं घाबरतात का? याचं मोठं उत्तर आपल्याच पेशींवर आहे. इफ्रिन-बी2 नावाचं एक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असतं. त्याला यूएसबी पोर्ट समजा. शेजारच्या पेशीशी बोलायला, रक्तवाहिन्या नीट घडवायला तो लागतो. निपाहचं ‘जी’ प्रथिन नेमकं याच पोर्टमध्ये बसतं. मग ‘एफ’ प्रथिन विषाणूचं आवरण पेशीच्या पडद्यात मिसळवतं आणि विषाणूचा आरएनए आत! पासवर्ड तोडायची गरजच नाही. ही गोष्ट शास्त्रज्ञांना 2005 मध्ये कळली.

आता हा पोर्ट असतो कुठे, ते बघा. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर आणि मेंदूतल्या चेतापेशींवर. म्हणूनच निपाहमध्ये साध्या तापावरून गाडी थेट मेंदूच्या सुजेवर जाऊ शकते. 2018 मध्ये केरळात 17 जणांचा जीव गेला.

माणूस, डुक्कर, घोडा, वटवाघूळ, सगळ्यांत हा पोर्ट जवळपास सारखाच. 1998-99 मध्ये मलेशियात विषाणू डुकरांमार्फत माणसांत आला तो त्यामुळेच. वटवाघळं मात्र सहसा आजारी पडत नाहीत. त्यांची प्रतिकारशक्ती विषाणूला आवरून धरते. (हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो.)

मग पोर्टच काढून टाकला तर? जमणार नाही. इफ्रिन-बी2 नसलेले उंदीर गर्भातच मरतात. त्यामुळे पोर्ट सोडून प्लग अडवायचा. एम102.4 नावाची अँटीबॉडी ‘जी’ प्रथिनाला चिकटून तेच करते. केरळने 2018 मध्ये ती ऑस्ट्रेलियातून मागवली होती. पण तिच्या चाचण्या अजून पुरेशा झालेल्या नाहीत.

तोवर महाबळेश्वरला जरूर जा, फक्त वटवाघळांच्या गुहेत रील करायला शिरू नका. झाडाखाली पडलेलं, कुरतडलेलं फळ उचलून खाऊ नका. स्ट्रॉबेरी धुऊन बिनधास्त खा.