उथळ खाडीसाठी कयाक निवडताना

तारकर्ली-देवबागच्या मागे कर्ली खाडीत ओहोटी लागली की कांदळवनाच्या कडेला जेमतेम गुडघाभर पाणी उरतं. तांबोशी दडते ती तिथेच, मुळांच्या आडोशाला. गळ लागला रे लागला की ती मुळांत शिरायला बघते आणि रॉड धरणारा तिच्यामागे एका अंगाला झुकतो. कयाक उलटायची असली तर याच घडीला उलटते. तेव्हा दुकानात रॉड अडकवायच्या खोबणी मोजण्याआधी कयाकचा तळ बघावा.

कयाक कलली की कललेल्या अंगाचा भाग जास्त बुडतो, तिथे पाण्याचा रेटा वाढतो आणि तोच तिला परत सरळ करतो. लांबी आणि भार तेवढेच धरले, तर रुंदीतून मिळणारा हा आधार रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी 28 इंचांवरून 35 वर नेली, म्हणजे सव्वापट केली, की आधार जवळजवळ दुप्पट! मात्र ही रुंदी पाण्याच्या रेषेवरची. वर काठाला पसरट आणि खाली निमुळती कयाक कागदावरच रुंद असते. कोकणातल्या अरुंद होडीला उलांडी लावतात, त्यामागे हेच गणित आहे.

हा कमावलेला आधार उंच खुर्ची खाऊन टाकते. 35 किलोच्या कयाकमध्ये 70 किलोचा माणूस 15 सेंटिमीटर वर बसवला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य 10 सेंटिमीटर वर जातो. उंचावरून पाण्यातलं छान दिसतं, पाठही अवघडत नाही, हे खरंच; म्हणून खालीवर करता येणारी खुर्ची घ्यावी आणि मासा लागायच्या जागी ती खालीच ठेवावी.

सपाट तळ बसल्याक्षणी भक्कम वाटतो, पण ठरावीक कलापलीकडे गेला की सावरत नाही. निमुळता तळ आधी डुगडुगतो, लाटेत मात्र जास्त साथ देतो. संथ, उथळ पाण्याला सपाट किंवा दोन कण्यांचा तळ बरा. तो घेऊन देवबागच्या संगमावर, लाटांच्या तोंडी जाऊ नये.

पेडलवर चालणाऱ्या कयाकचा सध्या फार बोलबाला आहे. पण तिचा पंखा तळाखाली उतरतो. गाळात रुततो, कालवांवर घासतो. खाडीपुरतं बोलायचं तर ते पैसे हलक्या वल्ह्यावर आणि चांगल्या लाइफ जॅकेटवर घालावेत. हवा भरायची कयाक तर कालवांच्या धारेपुढे नकोच. जाड पॉलिथिलीनची, वर बसायची, पाणी आपोआप निचरणारी, 10-11 फूट लांब, 32 ते 34 इंच रुंद आणि एकट्याला धक्क्यापर्यंत ओढता येईल अशी बघावी. कंपनीने सांगितलेल्या कमाल वजनक्षमतेच्या दोन-तृतीयांशावर भार नको; जड झालेली कयाक खोल बसते आणि उथळात तळ टेकते.

थांबायला गाळात बांबू रोवला, तर दोरी नाळेला किंवा मागच्या टोकाला बांधावी, मध्यावर कधीच नाही. ओहोटीची ओढ आडव्या कयाकवर आली की रुंदीचाही इलाज चालत नाही.

विकत घेण्याआधी कंबरभर पाण्यात, जॅकेट घालून, ती मुद्दाम उलटवून बघावी. मग पाय तळाला न टेकता परत वर चढावं. चढता आलं नाही, तर दुसरी बघावी.