पिकलबॉलची नियमवही : 2021 ते 2025

2021 च्या नियमपुस्तकातून पिकलबॉलमधला ‘लेट’ गेला. सर्व्हिस जाळ्याला घासून योग्य चौकटीत पडली, तर पूर्वी ती पुन्हा करावी लागे; आता खेळ पुढे चालू राहतो. अमेरिकेतल्या यूएसए पिकलबॉल या नियामक संस्थेने यामागचे कारण सरळ सांगितले होते. स्वीकारणारा खेळाडू खोटा ‘लेट’ पुकारून चांगली सर्व्हिस रद्द करू शकत होता आणि तो खोटे बोलतो आहे हे सिद्ध करण्याची सोय कोणाकडेच नव्हती. तेव्हापासून 2025 पर्यंत या खेळाच्या नियमांत जे बदल झाले, त्यांपैकी कोणते रुळले आणि कोणते चिघळले याचे उत्तर मला याच कारणात सापडते. ज्या नियमाचा भंग जागच्या जागी दिसतो किंवा मोजता येतो, तो नियम कडक असला तरी खेळाडू स्वीकारतात. ज्याचा भंग कोणालाच दिसत नाही, तो नियम कागदावर कितीही काटेकोर लिहिला तरी संशय पसरवतो; आणि पैसा, मानांकन, करार या सगळ्यांचा भार असलेल्या व्यावसायिक स्पर्धांना संशय परवडत नाही.

हा भार खेळावर फार थोड्या काळात आला. 1965 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम यांनी घरच्या माणसांसाठी हा खेळ रचला. मैदान होते बॅडमिंटनचे. म्हणूनच आजही पिकलबॉलचे कोर्ट 20 बाय 44 फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढेच आहे. ज्या बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या ब्रिटिश छावणीत बांधले गेले, त्याचे माप असे फिरत फिरत या खेळात आले. जाळ्यालगतच्या सात फुटांच्या ‘किचन’मध्ये उभे राहून हवेतला चेंडू मारायचा नाही, आणि सर्व्हिस व तिचा परतावा दोन्ही टप्पा पडू देऊनच खेळायचे, या दोन बंधनांनी ताकदीला वेसण घातली. आजोबा आणि नात एका कोर्टवर खेळू शकतात ते त्यामुळेच. घरगुती खेळात नियमाची राखण भिडेखातर होते. पण पीपीए आणि एपीपी या व्यावसायिक टूर उभ्या राहिल्या, 2021 मध्ये मेजर लीग पिकलबॉल आली, बक्षिसांची रक्कम वाढली, तेव्हा भीड अपुरी पडू लागली.

सर्व्हिसचा वाद आधी उभा राहिला आणि तो तुलनेने स्वच्छ मिटला. 2021 मध्ये झेन नवरातिल या व्यावसायिक खेळाडूने ‘चेनसॉ’ नावाने गाजलेली सर्व्हिस आणली. चेंडू पॅडलवर घासून त्याला गरगर फिरकी द्यायची आणि मग मारायचा. समोरच्याला तो कुठे वळेल याचा अंदाज येईना. 2022 च्या नियमांनी पॅडलने आधी फिरकी द्यायला बंदी केली, पण एका हाताच्या बोटांनी फिरकी द्यायची मोकळीक ठेवली. व्हायचे तेच झाले. खेळाडूंनी बोटे तयार केली आणि वर्षभर सर्व्हिसवरच गुण संपू लागल्याच्या तक्रारी आल्या. 2023 मध्ये सर्व्हिसपूर्वी चेंडूला हेतुपुरस्सर फिरकी देणेच बंद झाले. या दोन पायऱ्यांमधला फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या वेळी नियमकर्त्यांनी एक युक्ती बंद केली, दुसऱ्या वेळी त्या युक्तीमागचे तत्त्व बंद केले. शिवाय चेंडू हातातून सुटताना पंचाला आणि स्वीकारणाऱ्याला दिसला पाहिजे ही अट असल्याने भंग उघड्या डोळ्यांनी पकडता येत होता. त्यानंतर हा वाद पुन्हा डोके वर काढू शकला नाही. याच काळात आलेल्या ‘ड्रॉप सर्व्ह’लाही हाच निकष लावून पाहावा. हवेतून मारलेल्या सर्व्हिसमध्ये पॅडल मनगटाखाली होते का, चेंडू कमरेखाली होता का, हे क्षणात ओळखणे अवघड. चेंडू खाली सोडून टप्पा पडल्यावर मारला, तर या अटी लागूच होत नाहीत. 2021 मध्ये प्रायोगिक म्हणून आलेली ही सोय पुढच्याच वर्षी कायम झाली, ती उगाच नव्हे.

पॅडलच्या बाबतीत मात्र खेळाने चुकीची गोष्ट मोजण्यात वर्षे घालवली. पॅडलची लांबी 17 इंचांहून जास्त नको, लांबी आणि रुंदी मिळून 24 इंचांच्या आत, पृष्ठभागाचा खरखरीतपणा इतक्याच मायक्रोमीटरचा, दाब दिल्यावर वाक एवढाच. नियम बारीक होते. पण किचनच्या रेषांवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन खेळाडूंमध्ये अंतर अवघे 14 फुटांचे असते, आणि तिथे जीव अडकतो तो चेंडू पॅडलवरून किती वेगाने सुटतो यात. तो वेग थेट मोजणारी चाचणीच नव्हती. उष्णता आणि दाब देऊन घडवलेली कार्बनची पॅडल बाजारात आली, तेव्हा ही उणीव उघडी पडली. काही पॅडलचा आतला गाभा वापराने चुरडला जाई किंवा पृष्ठभागापासून सुटे, आणि मोडत चाललेले पॅडल नव्यापेक्षा जास्त जोरात मारू लागे. प्रयोगशाळेत तपासलेला नमुना कोरा असतो. खेळाडूच्या हातातले पॅडल शेकडो तास वापरलेले असते. नियम कोऱ्या नमुन्याचा होता.

2024 मध्ये या त्रुटीची किंमत चुकवावी लागली. जूला कंपनीच्या तिसऱ्या पिढीच्या पॅडलची मान्यता यूएसए पिकलबॉलने मे महिन्यात काढून घेतली. मान्यतेसाठी आलेला नमुना आणि विकले गेलेले पॅडल एकसारखे नव्हते, असे संस्थेचे म्हणणे. कंपनीने 20 कोटी डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. त्यात कोण किती खरे होते यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की हजारो लोकांनी महागडी पॅडल विकत घेतल्यावर ती बाद ठरली. त्याच वर्षाच्या अखेरीस चेंडूच्या परत उसळण्याची चाचणी आली आणि 1 जुलै 2025 पासून काही मॉडेल मान्यताप्राप्त स्पर्धांतून बाहेर गेली. योग्य गोष्ट अखेर मोजली जाऊ लागली. फार उशिरा, पण या वेळी काही महिन्यांची आगाऊ सूचना देऊन.

उत्पादकांचा आक्षेप असा, की अशा मर्यादांनी संशोधन खुंटते. टेनिसचा इतिहास वेगळे सांगतो. 1977 मध्ये दुहेरी तारांच्या ‘स्पॅगेटी’ रॅकेटने अफाट टॉपस्पिन मिळू लागला, तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने काही आठवड्यांतच तिला रोखले आणि पुढच्या वर्षी रॅकेटची व्याख्या नियमांत लिहिली. त्यानंतर ग्रॅफाइट रुळले, नव्या तारा आल्या. रॅकेटची सुधारणा थांबली नाही. मर्यादा स्पष्ट असली की कारागिराला कुठवर जायचे ते कळते. अस्पष्ट असली की तो धोका ग्राहकाच्या माथी मारतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्यावसायिकांसाठी वेगळे नियम केले तर खेळ दुभंगेल, असे अनेकांना वाटते. पीपीए आणि मेजर लीग एका छत्राखाली आल्यानंतर यूपीए-ए ही संस्था उभी राहिली आणि तिने पॅडलच्या मान्यतेची स्वतःची पद्धत सुरू केली. म्हणजे आता एकाच पॅडलला दोन दारांत उभे राहावे लागते. ही भीती मला अर्धी पटते. गुणमोजणीत वेगळेपण चालेल. मेजर लीगने सुरुवातीला 21 गुणांचा गेम आणि प्रत्येक रॅलीला गुण अशी रीत ठेवली, पीपीएने सर्व्हिस असतानाच गुण देणारी 11 ची जुनी रीत जपली, आणि 2025 च्या पुस्तकाने दुहेरीसाठी रॅलीवर गुणाचा प्रायोगिक पर्याय दिला. त्याने हौशी खेळाडूचे काही बिघडत नाही. पण चेंडू कसा मारावा आणि कशाने मारावा, याचे माप दोन ठिकाणी दोन असेल, तर गावातल्या क्लबमध्ये शिकलेल्या मुलीला टूरवर पोहोचल्यावर आपला हात नव्याने घडवावा लागेल. ते अन्यायाचे आहे. तिथे पुस्तक एकच हवे.

हा प्रश्न आता आपल्या दारातही आहे. सुनील वालावलकर यांनी मुंबईत हा खेळ रुजवला आणि अखिल भारतीय पिकलबॉल संघटना उभी केली. 2025 मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली ती मात्र इंडियन पिकलबॉल असोसिएशन या दुसऱ्या संस्थेला. त्याच वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली. संस्था कोणतीही असो, भारतातल्या आयोजकांनी अमेरिकेतल्या चुका पुन्हा करण्याचे कारण नाही. चाचणी काय आहे हे हंगामाआधी जाहीर करा, वापरातले पॅडल स्पर्धेच्या ठिकाणीच तपासा, निकाल सगळ्यांसमोर ठेवा, आणि बाद करायचे असेल तर खेळाडूला पुरेशी मुदत द्या.