मीटर की मोबाईल?

आमच्या शहागडला 'काळी-पिवळी' म्हटलं की डोळ्यासमोर येते ती जीप. रस्त्याच्या कडेला उभी, निम्मी भरलेली, आणि "चला गेवराई, गेवराई" म्हणून ओरडणारा पोरगा. सीटा भरल्याशिवाय ती हलत नाही. पण भाडं ठरलेलं असतं आणि बरेचदा ड्रायव्हर आपल्याच ओळखीतल्या कुणाचा तरी भाचा नाहीतर मेहुणा निघतो. मुंबईत याच दोन रंगांची गाडी म्हणजे टॅक्सी. तिथं ओळख नाही, रस्ता माहीत नाही, भाड्याचा अंदाज नाही. त्यात आता मोबाईलवरून बोलवायच्या टॅक्सीची भर पडली. म्हणजे नवख्या बाईपुढे एक सोडून दोन कोडी!

कुणी म्हणेल, हा शहरातल्या बायकांचा प्रश्न, आपल्याला काय त्याचं? पण मैत्रिणींनो, आपल्यातल्या किती जणींना मुंबई-पुणे गाठावं लागतं ते आठवून बघा. कुणाला परळच्या टाटा हॉस्पिटलची तारीख असते. कुणाची लेक तिकडं दिलेली, तिचं बाळंतपण असतं. बचत गटाच्या बायका पापड-मसाल्याची पोती घेऊन मुंबईच्या 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनाला जातात. शहागडहून एसटीने जालना, तिथून रात्रीची देवगिरी आणि सकाळी दादर. इथपर्यंतचा प्रवास आपल्या अंगवळणी पडलेला आहे. खरी धाकधूक होते ती स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकल्यावर.

आधी जुन्या टॅक्सीचं बघू. मुंबईची ओळख बनलेली प्रीमियर पद्मिनी आता टॅक्सी म्हणून दिसत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचा प्रवास संपला. गाडी बदलली, पण काळा-पिवळा रंग आणि मीटर तेच राहिलं. या टॅक्सीचा मोठा गुण म्हणजे तिला काहीच लागत नाही. ना स्मार्टफोन, ना इंटरनेट, ना इंग्रजी. हात केला की थांबते. आणि तिचं भाडं ड्रायव्हर ठरवत नाही, सरकारी परिवहन प्राधिकरण ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई भागात लागू झालेला दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. रिक्षाला हेच आकडे २६ रुपये आणि १७ रुपये १४ पैसे. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत भाडं सव्वापट. म्हणजे तीन किलोमीटर जायचं असेल तर दिवसा टॅक्सीचे साधारण ६२ रुपये होतात. हा हिशोब डोक्यात असला की "दोनशे द्या मावशी" म्हणणाऱ्याला "मीटर टाका दादा" असं म्हणता येतं.

पण याच टॅक्सीचा जाचही आपल्याला ठाऊक आहे. जवळचं अंतर म्हटलं की मान हलते. हातातल्या पिशव्या आणि बोलण्याची ढब बघून बाई नवीन आहे हे ओळखलं जातं, मग कुठला रस्ता लांबचा आणि कुठला जवळचा हे आपल्याला कळणार कसं? परवानाधारक टॅक्सीने विनाकारण भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. पण रांगेत उभी असलेली, कडेवर पोर असलेली बाई कायद्याचं कलम सांगत बसणार आहे थोडीच!

नेमकी हीच अडचण ॲपवाल्या टॅक्सीने हेरली. ओला २०१० मध्ये मुंबईत सुरू झाली, उबर २०१३ मध्ये भारतात आली. या पद्धतीत कुठून कुठे जायचं ते मोबाईलवर टाकायचं. बसण्याआधीच भाड्याचा आकडा दिसतो. ड्रायव्हरचं नाव, फोटो, गाडीचा नंबर समोर येतो. ओटीपी म्हणजे चार आकडी नंबर सांगितल्याशिवाय प्रवास सुरू होत नाही. घासाघीस नाही आणि रस्ता सांगायचीही गरज नाही. गाडी नकाशावर कुठून चालली ते आपल्यालाही दिसतं आणि घरच्यांना त्याची लिंक पाठवता येते. मीटरवाल्या टॅक्सीत जी माहिती फक्त ड्रायव्हरकडे असायची, ती इथं आपल्या हातात येते.

मग सगळं छानच की! तर तसंही नाही. पाऊस आला, ऑफिस सुटलं की या गाड्यांचं भाडं वाढतं. बुक झालेली गाडी ऐनवेळी रद्द होते. फोन येतो, "कहां जाना है? कॅश या ऑनलाइन?" आणि आपलं उत्तर पसंत पडलं नाही की गाडी गायब. यावर राज्य सरकारने मे २०२५ मध्ये एक धोरण जाहीर केलं. गर्दीच्या वेळी भाडं मूळ दराच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. ड्रायव्हरने गाडी रद्द केली तर भाड्याच्या दहा टक्के किंवा शंभर रुपये, यात जे कमी असेल तेवढा दंड, आणि तो प्रवाशाच्या खात्यात. भाड्यातला किमान ऐंशी टक्के वाटा ड्रायव्हरला. हा शेवटचा मुद्दाही मला महत्त्वाचा वाटतो. तो ड्रायव्हरही कुठल्यातरी गावातून पोट भरायला आलेला असतो. गाडीचा हप्ता, पेट्रोल आणि कंपनीचं कमिशन जाऊन हातात काय उरतं, यावर त्याचं वागणं अवलंबून असतं. जवळचं भाडं तो का टाळतो, याचं उत्तर बऱ्याचदा त्या हिशोबात सापडतं.

सुरक्षिततेचं काय? डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीच्या ड्रायव्हरने एका तरुणीवर बलात्कार केला. २०१५ मध्ये त्याला न्यायालयाने दोषी ठरवलं. त्या घटनेनंतर ड्रायव्हरची पडताळणी आणि ॲपमधलं मदतीचं बटण यावर देशभर चर्चा झाली, काही सुधारणाही झाल्या. म्हणून ॲपची गाडी म्हणजे आपोआप सुरक्षित, असं धरून चालू नये. तिचा फायदा एवढाच, की आपण कुठल्या गाडीत, कुणाबरोबर आहोत याची नोंद राहते.

पण ही नोंद राहते कुणाच्या मोबाईलमध्ये? माझ्या मते सगळी मेख इथंच आहे.

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एक मावशी नवऱ्याला तपासणीसाठी मुंबईला घेऊन गेल्या. दादरला उतरल्या. पुण्यातल्या मुलाने त्याच्या मोबाईलवरून गाडी बुक करून दिली. बिचाऱ्याने काळजीपोटीच केलं. पण ड्रायव्हरचा फोन गेला मुलाला. मुलगा म्हणाला, आई पुलाच्या खाली उभी आहे. आता दादरला पूल किती आणि बाजू किती! ड्रायव्हर एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला. गाडीचा नंबर आणि ओटीपी मुलाच्या मोबाईलमध्ये. मावशींच्या हातात साधा फोन. वीस मिनिटांनी गाडी रद्द झाली. शेवटी मावशींनी समोरच्या काळ्या-पिवळीला हात केला आणि मीटरने गेल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "ताई, गाडी पोरानं बोलावली, पण उभी तर मीच होते ना तिथं!"

किती खरं बोलल्या त्या! आपल्याकडे घरात स्मार्टफोन असतो, पण तो बहुधा नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे. बाईकडे आला तरी फोन घ्यायला आणि व्हिडिओ बघायला. पैसे पाठवणं, तिकीट काढणं, गाडी बोलावणं ही कामं 'त्याची'. मग ॲप कितीही चांगलं असलं तरी त्या बाईच्या दृष्टीने ते एक मध्यस्थच. पूर्वी ती ड्रायव्हरच्या भरवशावर होती, आता मुलाच्या भरवशावर. भरवसा माणूस बदलून होतो, पण पाय स्वतःचे होत नाहीत.

त्यानंतर आम्ही गटाच्या बैठकीत महिन्याच्या हिशोबानंतर अर्धा तास काढायचं ठरवलं. फोनची भाषा मराठी कशी करायची इथपासून सुरुवात केली. शहागडला बसून 'दादर ते परळ' टाकायचं आणि भाडं किती दाखवतं ते बघायचं. मग तेच अंतर मीटरच्या दराने कागदावर काढायचं. कधी मीटर स्वस्त निघतं, कधी ॲप. बायकांना याची फार गंमत वाटली. किराणा दोन दुकानांत विचारून घेणाऱ्या आपण, गाडीच्या बाबतीत पहिल्यालाच का हो म्हणतो?

तुम्हीही निघताना एवढं जरूर करा. जायचं ठिकाण, त्याच्या जवळची खूण आणि घरचे दोन फोन नंबर कागदावर लिहून कनवटीला ठेवा, कारण फोनची बॅटरी कधी संपेल सांगता येत नाही. सुट्टे पैसे जवळ ठेवा. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट पिवळी असते, विजेवर चालणाऱ्या टॅक्सीची हिरवी आणि त्यावर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन "चला मावशी, सोडतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. ॲपची गाडी असेल तर नंबर जुळल्याशिवाय दार उघडू नका आणि ओटीपी गाडीत बसल्यावरच सांगा. काळी-पिवळी असेल तर मीटर पाडलेलं बघा आणि गाडीच्या नंबरचा फोटो घरी पाठवा. अडचण आली तर ११२ लावा.

मीटर चांगलं की मोबाईल, याचं एकच उत्तर नाही. हातात सामान आणि समोर रिकामी टॅक्सी उभी असेल तर मीटर बरं. रात्रीची वेळ, अनोळखी पत्ता असेल तर नाव-नंबराची नोंद राहणारं ॲप बरं. पण त्या क्षणी कुठलं निवडायचं हे ठरवणारी बाई स्वतः हवी आणि दोन्ही तिला जमायला हवं. पुढच्या बैठकीला तुमच्या गटातही अर्धा तास काढा. घरातल्या मुलीला, सुनेला शिकवायला बसवा. आणि हो, त्या वेळी फोन तिच्या हातात नको, तुमच्या हातात असू द्या.