कोऱ्या खाचेची कसोटी

विनाइलच्या तबकड्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आणि अडगळीत पडलेल्या एका यंत्राची जगभर शोधाशोध सुरू झाली. तबकड्या छापणारे प्रेस नव्याने बनवता आले. पण ज्या मूळ तबकडीवरून छपाईचे साचे तयार होतात ती कोरणाऱ्या मोठ्या स्टुडिओ-लेथचे उत्पादन १९८०च्या दशकानंतर जवळजवळ बंदच पडले. बर्लिनच्या नॉयमान कंपनीचे व्हीएमएस ७० आणि व्हीएमएस ८०, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातले स्कली ही त्यातली नावाजलेली यंत्रे. आज कामावर असलेली बहुतेक यंत्रे पुन:पुन्हा दुरुस्त करूनच चालती ठेवलेली आहेत. ही दुरुस्ती कशी करावी यावर दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, मूळचा प्रत्येक भाग जपा. दुसरा म्हणतो, तबकडी फिरली, आवाज उमटला, म्हणजे झाले. दोघेही यंत्राकडेच पाहतात. खरे तर पाहायला हवे ते यंत्राने कोरलेल्या खाचेकडे. जुना लेथ पूर्ववत झाला की नाही हे त्याचे सुटे भाग ठरवत नाहीत, त्याची मोजता येण्याजोगी अचूकता ठरवते.

ही अचूकता किती हे कळायला थोडा हिशेब पुरतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते. एका बाजूला २० मिनिटांचे संगीत बसवायचे तर सुमारे ६६७ फेऱ्या होतात आणि त्यांच्यासाठी तबकडीवर साधारण ८६ मिलिमीटर रुंदीचा पट्टा मिळतो. म्हणजे शेजारच्या दोन फेऱ्यांत सरासरी ०.१३ मिलिमीटर अंतर. सलग उलगडली तर ही एकच खाच ४३० मीटरच्या आसपास भरेल. ती कोरणारे नीलम किंवा माणकाचे टोक मिनिटाला जेमतेम सव्वाचार मिलिमीटर वेगाने मध्याकडे सरकते आणि त्याच वेळी संगीताबरहुकूम थरथरते. कडेशी खाच त्या टोकाखालून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जाते, आतल्या फेऱ्यांत २० सेंटिमीटरने. त्यामुळे १५,००० हर्ट्झच्या स्वराची एक लहर आतल्या बाजूला अवघ्या १४ मायक्रॉनमध्ये बसवावी लागते. हे सारे कोरायचे नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर दिलेल्या अॅल्युमिनियमच्या चकतीवर. नंतर तिच्यावर चांदीचा मुलामा आणि मग निकेलचा थर चढवून साचा घेतात, त्यामुळे लेथची प्रत्येक चूक हजारो प्रतींत उतरते.

याहून बारीक हिशेब आवाजाच्या पातळीचा आहे. प्रमाण म्हणून वापरली जाणारी पातळी घेतली, म्हणजे १,००० हर्ट्झला सेकंदाला ५ सेंटिमीटर हा कमाल वेग, तर कोरणारे टोक मध्यापासून सुमारे ८ मायक्रॉन हलते. याहून ६० डेसिबल खालचा, म्हणजे हजारपट क्षीण ध्वनी कोरताना ते फक्त ८ नॅनोमीटर हलते. दृश्य प्रकाशाची सर्वांत आखूड तरंगलांबीसुद्धा ४०० नॅनोमीटरच्या आसपास असते. म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली खाच नितळ दिसली तरी ती शांत असेलच असे नाही. खालच्या कंपनसंख्येला तर यंत्राचीच घरघर टिपली जाते. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर दाबायचे, वरचे उचलायचे आणि वाजवताना बरोबर उलट करायचे, असा आरआयएए नावाचा संकेत अमेरिकेत १९५४मध्ये ठरला आणि पुढे जगभर रूढ झाला. त्यापायी वाजवताना ३० हर्ट्झचा आवाज १,००० हर्ट्झच्या तुलनेत आठपटीहून अधिक वाढवला जातो. हे धरून गणित केले तर बेअरिंगचा केवळ ३० नॅनोमीटरचा डगमग ध्वनीत ६० डेसिबलच्या रेषेवर येऊन बसतो.

दुरुस्तीचा क्रम यातूनच ठरतो. रंग काढून नवा चढवणे, पितळ लखलखीत करणे ही कामे डोळ्यांना सुख देतात. पण मुख्य बेअरिंगमधले तेल वाळून लाखेसारखे चिकटलेले असेल, तर सगळा प्रकार वरून कीर्तन आतून तमाशा असाच. आधी तबकडीचा जड पाटा उचलून शाफ्ट आणि बुश मोजायचे, मगच पॉलिशचे बघायचे. टोक मध्याकडे सरकवणाऱ्या लीडस्क्रूचेही तसेच. कातकामाच्या साध्या लेथवर दोन-तीन शतांश मिलिमीटरचा बॅकलॅश, म्हणजे स्क्रू-नटातला ढिलेपणा, कारागीर हिशेबात धरून काम करतो. इथे दोन खाचांमधली शिल्लक जागा काही वेळा तेवढीच उरते, त्यामुळे स्क्रूवरचे सुकलेले ग्रीस किंवा झिजलेला नट शेजारच्या फेऱ्या एकमेकींत घुसवू शकतो. बेअरिंगच्या दोषाची घरघर ऐकू येते, नटाचा दोष सूक्ष्मदर्शकात अंतर मोजल्यावर सापडतो. म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात.

सगळ्यांत नाजूक भाग कोरणारे टोक धरून हलवणाऱ्या कटर हेडचा. स्टिरिओत खाचेच्या दोन भिंती तबकडीशी ४५ अंशांत असतात आणि एकेका भिंतीवर एकेक वाहिनी कोरली जाते. ही कल्पना अॅलन ब्लमलाइनने १९३१मध्येच पेटंटसाठी मांडली होती. बाजारात चालेल असे वेस्ट्रेक्सचे हेड मात्र १९५७मध्ये आले. हेडमधली दोन कॉइल टोकाला हलवतात. टोक खरोखर किती हलले ते वेगळ्या छोट्या कॉइल टिपतात आणि त्यांचा संकेत अॅम्प्लिफायरकडे परत पाठवून चूक जागच्या जागी सुधारली जाते. हेडची स्वत:ची अनुनादाची ओढ याच फेरसंकेताने काबूत राहते. जुन्या हेडमधले रबर कडक झाले, तारेचे आवरण ठिसूळ झाले की हा तोल बिघडतो. दुरुस्तीत फेरसंकेताच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर चूक सुधारण्याऐवजी वाढत जाते आणि क्षणात कॉइल जळते. टोकाभोवती बारीक तार गुंडाळून ते तापवतात, म्हणजे लॅकर स्वच्छ कापले जाते आणि खाचेच्या भिंती गुळगुळीत राहून खरखर कमी होते. कापून निघालेला केसासारखा कीस लगोलग नळीने ओढून घ्यावा लागतो. नळीला चीर गेलेली असेल तर कीस टोकाभोवती गुंडाळतो आणि चकती वाया जाते. शिवाय नायट्रोसेल्युलोज चटकन पेटते, म्हणून कीस साठणारे भांडे रोज रिकामे करणे हा नियमच समजावा.

इथे मूळ भागांच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप येतो. कपॅसिटर बदलला, जुन्या सर्किटच्या जागी मायक्रोप्रोसेसर बसवला, तर ते जुने यंत्र राहिले कुठे? आक्षेप अगदी फोल नाही. संग्रहालयात ठेवायच्या यंत्राला तो पुरेपूर लागू आहे, कारण तिथे यंत्र हाच दस्तऐवज असतो. कामाच्या यंत्राला मात्र तो सरसकट लावता येत नाही. मोठा आवाज येणार असेल तेव्हा खाचा दूर आणि शांत जागी जवळ ठेवायच्या, हा निर्णय यंत्र संगीत थोडे आधी वाचून घेते. एक फेरी १.८ सेकंदांची असते, तेवढ्यात जागा करून ठेवावी लागते. हा निर्णय जुन्या ट्रान्झिस्टरने घेतला की नव्या चिपने, हे खाचेवरून ओळखता येत नाही. अंतर चुकले तर मात्र लगेच कळते. याउलट बेअरिंग किंवा पाटा बदलला तर खाचेचा स्वभावच बदलतो. तेव्हा जे खाचेला स्पर्श करते किंवा तिला हलवू शकते ते मूळचे आणि मूळ मापाचे असावे. जे केवळ हुकूम सोडते ते बदलायला हरकत नाही. मात्र बदल उलटवता येण्याजोगा असावा, काढलेला भाग चिठ्ठी लावून जपावा आणि काय केले याची नोंद यंत्राबरोबर राहावी.

चालले म्हणजे झाले, या दुसऱ्या बाजूला विजेचेच एक उदाहरण पुरेल. जुन्या लेथची सिंक्रोनस मोटर विजेच्या कंपनसंख्येवर चालते. ६० हर्ट्झसाठी बनलेले अमेरिकन यंत्र भारतात किंवा युरोपात ५० हर्ट्झवर तसेच लावले, तर ३३⅓ऐवजी पावणेअठ्ठावीसच फेऱ्या होतात. यंत्र कुरकुर न करता फिरते, खाचही सुबक दिसते; पण ती तबकडी योग्य वेगाने वाजवली की पांढरी पाचमध्ये गायलेले गाणे काळी पाचच्याही किंचित वर जाते. डोळ्यांना न दिसणारी अशी चूक मोजमापच पकडते. त्यासाठी दरवेळी महागडी साधने लागतात असेही नाही. बुखमान आणि मायर या जर्मन संशोधकांनी १९३०मध्ये दाखवून दिले की, एकच स्थिर स्वर कोरलेल्या तबकडीवर दूरच्या दिव्याचा प्रकाश तिरका पाडला की एक उजळ पट्टा दिसतो आणि त्याची रुंदी टोकाच्या वेगाच्या प्रमाणात असते. ३३⅓ फेऱ्यांना ५ सेंटिमीटर प्रतिसेकंद या पातळीसाठी हा पट्टा सुमारे २९ मिलिमीटर रुंद दिसायला हवा. तोच स्वर कडेला आणि आत कोरला तरी रुंदी तेवढीच राहते. वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे पट्टे कोरून त्यांच्या रुंदीची तुलना केली की हेडचा समतोल मोजपट्टीने तपासता येतो.

तिसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो. सीडीचा १६ बिटांचा ध्वनी सुमारे ९६ डेसिबलची पल्लेदारी देतो आणि चांगली तबकडी त्याच्या बरीच खाली राहते. मग एवढा खटाटोप कशाला? तबकडी अधिक ‘खरी’ असते, असे उत्तर देण्यात अर्थ नाही, मोजमाप त्याला पाठिंबा देत नाही. उत्तर वेगळे आहे. बालगंधर्वांपासून अब्दुल करीम खाँपर्यंत आपला मोठा सांगीतिक ठेवा ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आहे. १९२५नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले तरी खर्ज किती दाबायचा याचा हिशेब कंपनीगणिक वेगळा होता आणि ७८ हा आकडाही दरवेळी तंतोतंत पाळला जात नसे. या तबकड्या डिजिटल करणाऱ्याला आपले वाचनयंत्र आधी माहीत असलेल्या खाचेवर पारखून घ्यावे लागते. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने ७८ फेऱ्यांसाठी अशी प्रमाण तबकडी काढली आहे. अशी तबकडी मोजून-मापून कोरायला बिनचूक लेथच लागतो. म्हणजे जुना आवाज डिजिटल रूपात नीट उतरवण्यासाठीसुद्धा हे यंत्र उपयोगी आहे.

अर्थात एकट्या यंत्राच्या दुरुस्तीने सगळे भागत नाही. कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग येथील अपोलो मास्टर्स हा कारखाना ६ फेब्रुवारी २०२० रोजी आगीत भस्मसात झाला आणि कोऱ्या लॅकर चकत्यांचा भरवशाचा पुरवठा मुख्यत: जपानमधल्या एकाच उत्पादकावर येऊन ठेपला. काही छोट्या कार्यशाळा आता थेट प्लास्टिकवर कोरणारी नवी यंत्रे बनवतात. तांब्यावर कोरण्याची पद्धत टेलडेक आणि नॉयमान यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आणली होती. या सगळ्या वाटा उपयोगाच्या आहेत आणि प्रत्येकीला हीच कसोटी लागू पडते. म्हणून असा जुना लेथ घेणाऱ्याने किंवा दुरुस्तीला देणाऱ्याने विक्रेत्याच्या ‘चालू स्थितीत’ या दोन शब्दांवर विसंबू नये. त्याच यंत्रावर कुठलाही आवाज न देता कोरलेली एक कोरी तबकडी मागावी, ती चांगल्या वाचनयंत्रावर मोठ्या आवाजात ऐकावी, आणि मगच पैसे मोजावेत.