सत्तर रुपयांच्या कर्णफुलांचा हिशेब



नाताळाच्या विक्रीत आमच्या टेबलापाशी एका भगिनीने तार आणि मण्यांच्या कर्णफुलांची एक जोडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “केवढ्याला?” मी म्हणाले, “सत्तर रुपये.” त्या म्हणाल्या, “अहो, बाजारात अशीच पन्नासला मिळतात. मदत म्हणून घ्यायला हरकत नाही, पण सत्तर का?” मागे रांग होती, त्यामुळे मला नीट उत्तर देता आले नाही. त्यांनी जोडी घेतली, पण प्रश्न माझ्याजवळच राहिला. तो रास्त होता, आणि तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असेल. म्हणून या अंकात ही जोडी कशी बनते आणि तिची किंमत कशी ठरते, हे सांगते.

आमचा गट नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. चौदा बायका, बहुतेक भिल्ल समाजाच्या. दिवाळीनंतर या भागातली अनेक घरे कुलूपबंद होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ऊसतोडीला गुजरातेत किंवा दक्षिणेकडच्या कारखान्यांवर जायचे. मुले बरोबर जातात आणि त्यांची शाळा सुटते. गावात बसून करता येईल असे काही काम असावे, म्हणून आम्ही दागिने करायला सुरुवात केली.

तार

तारेची जाडी ‘गेज’मध्ये मोजतात आणि इथे गणित उलटे चालते. आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. २० गेजची तार सुमारे ०.९ मिलीमीटर, तर २४ गेजची अर्ध्या मिलीमीटरहून किंचित जाड असते. मणी ओवायला आम्ही २४ गेजची वापरतो. पहिल्या खेपेला मी मजबूत म्हणून २० गेजची आणली, तर ती बहुतेक मण्यांच्या भोकात शिरेचना.

आमची तार पितळेची, म्हणजे तांबे आणि जस्त यांची. पितळाचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. ते वाकवले की कडक होते. एकदा वाकवा, चालते. पुन्हा सरळ करून पुन्हा वाकवा, तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्याच जागी तुटते. म्हणून चुकलेली कडी सुधारता येत नाही, तो तुकडा टाकावा लागतो. नव्या बाईचा पहिला आठवडा असा टाकण्यातच जातो, आणि त्या आठवड्याची मजुरीही तिला द्यायची असते.

घाम लागून पितळ काळवंडते, कधी त्वचेवर हिरवट डागही उमटतो. तो मळ आहे, विष नव्हे. तांब्या-पितळेची भांडी आपण चिंचेने घासतो, तशीच तारही उजळते. मात्र नंतर पाण्याने धुऊन कोरडी पुसावी.

मणी

आमचे काचेचे मणी उत्तर प्रदेशातले आहेत. हाथरस जिल्ह्यातले पुरदिलनगर हे गाव काचेच्या मण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर काचेची कांडी ज्योतीवर वितळवून तारेभोवती गुंडाळतात आणि एकेक मणी घडवतात. म्हणजे तुमच्या हातातल्या जोडीत दोन ठिकाणच्या गरिबांचे हात लागलेले असतात.

हाताने केलेला मणी दुसऱ्यासारखा नसतो. एखाद्याचे भोक तिरके, एखाद्याची कड फुटकी. फुटकी कड तार ओरखडते आणि कानालाही टोचते. म्हणून बायका ताटात मणी पसरून तांदूळ निवडावेत तसे निवडतात. रंगाचीही परीक्षा घेतो. प्रत्येक नव्या पाकिटातले चार मणी साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवतो आणि सकाळी पांढऱ्या फडक्यावर घासतो. फडके रंगले की ते पाकीट परत जाते.

काचेबरोबर आम्ही रानजोंधळ्याचे दाणे वापरतो. ओढ्याकाठच्या ओल्या जागी वाढणारे हे गवत. त्याचा दाणा गुळगुळीत, राखाडी आणि थेंबासारखा असतो, आणि देठ काढले की त्याला आपोआप आरपार भोक पडते. इंग्रजीत त्याला ‘ईयोबाचे अश्रू’ अशा अर्थाचे नाव आहे.

गुंजा मात्र आम्ही वापरत नाही. लाल दाणा, काळा ठिपका, दिसायला फार सुंदर, आणि ‘आदिवासी दागिन्यात गुंजा हव्यात’ असे हितचिंतक पुष्कळदा सुचवतात. पण गुंजेत जहाल विष असते. अखंड दाण्याचे कवच ते आत धरून ठेवते. ओवण्यासाठी भोक पाडले की ते कवच फुटते. लहान मुलाने तो दाणा चावला किंवा गिळला तर जिवावर बेतू शकते. आपल्या घरी गुंजांची माळ असेल, तर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

कडी

आता खरे काम. एका कर्णफुलात तीन मणी असतात आणि प्रत्येक मणी तारेच्या स्वतंत्र तुकड्यात असतो. तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक कडी. म्हणजे एका कानाला सहा कड्या आणि जोडीला बारा.

कडी दोन प्रकारे करता येते. साध्या प्रकारात तार गोल वाकवून टोक मण्यापाशी टेकवतात. पटकन होते, दिसतेही छान. पण केसात किंवा पदरात अडकून ओढली गेली की उघडते आणि खालचा मणी गळून पडतो. बाजारातली पुष्कळशी स्वस्त कर्णफुले अशी असतात. दुसरा प्रकार गुंडाळलेल्या कडीचा. मण्याच्या वर दोन मिलीमीटर तार सोडून ती काटकोनात वाकवायची. गोल तोंडाच्या पकडीभोवती फिरवून कडी करायची. पुढचा तुकडा त्याच वेळी तिच्यात अडकवायचा, कारण कडी एकदा बंद झाली की उघडत नाही. मग चपट्या पकडीने कडी धरून उरलेले शेपूट सोडलेल्या दोन मिलीमीटरभोवती अडीच-तीन वेढे गुंडाळायचे, टोक कापायचे आणि दाबून बसवायचे. शेवटी कापसाचा बोळा तिच्यावरून फिरवायचा. तंतू अडकला तर टोक अजून बाहेर आहे, ते कानशीने घासायचे.

पहिल्या वर्षी आम्ही साध्या कड्या करत होतो. विक्रीनंतर मण्यांवाचून उरलेली बरीच कर्णफुले परत आली. त्यानंतर सगळ्या कड्या गुंडाळायच्या असे गटाने ठरवले. वेळ दुपटीहून जास्त लागू लागला. आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना दोन मिलीमीटर दिसतच नव्हते. त्यांच्या वाकड्या कड्यांबद्दल मी कितीदा बोलले होते! डोळे तपासून जवळचे चष्मे दिले, तेव्हा त्याच हातांनी सरळ कड्या केल्या.

हूक

याच वर्षी आणखी एक चूक झाली, आणि ती माझी होती. कानात अडकवायचे हूक मी घाऊक बाजारातून आणले होते, स्वस्त आणि चांदीसारखे चमकणारे. एका कुटुंबातल्या मुलीचे कान सुजले, पाणी येऊ लागले. असल्या हुकांवर बहुधा निकेलचा मुलामा असतो, आणि निकेल अनेकांच्या त्वचेला सोसत नाही. ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात त्या धातूतही चांदी मुळीच नसते. तांबे, जस्त आणि निकेल असते. आम्ही राहिलेले सगळे हूक काढून टाकले. आता चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घेतो. त्यातही निकेल असते, पण ते धातूत घट्ट बांधलेले राहते आणि त्वचेला फारच थोडे लागते. हुकाचा खर्च तिपटीने वाढला. तरीही कोणाच्या कानाला त्रास होत असेल, तर त्यांनी ते घालू नयेत आणि आम्हाला कळवावे.

घड्याळ

एवढे सगळे बदलले, पण मजुरी मी बदलली नव्हती. ती मी सुरुवातीला टेबलाशी बसून अंदाजाने ठरवली होती. एका जोडीला दहा रुपये. बाजारात चाळीसला विकायची, तर त्याहून जास्त परवडत नाही, असा माझा हिशेब.

दिवाळीच्या आधी गटातल्या सर्वांत जुन्या काकी पक्कड परत द्यायला आल्या. म्हणाल्या, “ताई, मी यंदा उसाला जाते.” मी म्हणाले, “काकी, तुम्हीही? आता तर काम चांगले चालले आहे.” त्या शांतपणे म्हणाल्या, “काम चांगले आहे. पण तुम्ही एक दिवस करून बघा.”

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याशेजारी घड्याळ ठेवून बसले. माझ्या कड्या तर सोडाच, मी त्यांच्या कामाचा वेळ मोजला. मणी निवडायला पाच मिनिटे, तार कापून घासायला चार, बारा कड्यांना अठरा, हूक लावायला चार, तपासून कार्डावर लावायला पाच. एका जोडीला छत्तीस मिनिटे. सहा तास मान खाली घालून दहा जोड्या. दहा रुपयांप्रमाणे दिवसाचे शंभर. आम्ही ज्याला मदत म्हणत होतो, ते खरे तर काकीच आम्हाला करत होत्या.

मग गट एकत्र बसला. सहा तासांचे निदान तीनशे रुपये पडलेच पाहिजेत, असे बायकांनी ठरवले. म्हणजे जोडीला तीस. आता हिशेब असा आहे:

मणी, तार, हूक, कार्ड – २२ रुपये
मजुरी – ३० रुपये
वाया गेलेला माल आणि अवजारांची झीज – ५ रुपये
बसभाडे आणि पार्सल – ८ रुपये
गटाची शिल्लक – ५ रुपये
एकूण – ७० रुपये

यात मिशनला काही उरत नाही, आणि उरू नये. पन्नासला विकायची तर वीस रुपये कुठून तरी काढावे लागतील. तार आणि हुकाचा दुकानदार सोडणार नाही, बसवाला सोडणार नाही. ते वीस रुपये त्या तिसातूनच जातील.

तुम्ही काय करू शकता

एक विनंती म्हणजे, या कर्णफुलांना ‘पारंपरिक आदिवासी दागिना’ म्हणू नका. इथल्या बायकांचे स्वतःचे दागिने वेगळे आहेत. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात किंवा काठीच्या होळीला आलात, तर चांदीचे आणि मण्यांचे ते दागिने दिसतील. पकडीने कड्या वळवणे हे या बायकांनी नव्याने शिकलेले काम आहे, आणि नवे म्हणूनच ते चांगले व्हायला हवे.

दुसरे, जुन्या तुटलेल्या माळा पाठवू नका. कोणता मणी कशाचा हे आम्हाला कळत नाही. त्याऐवजी आपल्या महिला मंडळाची मागणी जूनपर्यंत कळवा. नाताळाच्या मागणीचा अंदाज पावसाळ्यात आला, तर दिवाळीपूर्वी बायकांना सांगता येते की इतके काम नक्की आहे. मुकादम उचल घेऊन दारात येतो, तेव्हा ‘बहुतेक मिळेल’ या शब्दाला किंमत नसते.

आणि कोठेही दागिना घेताना त्याची मागची बाजू पाहा. कडी नखाने हलकेच ओढून बघा. उघडली तर ती घाईत केलेली आहे, आणि घाई सहसा मजुरीमुळेच होते.

यंदा चौदापैकी पाच जणी उसाला गेल्या नाहीत. नऊ गेल्या. उचल फेडायची होती, आणि ती कर्णफुलांनी फिटत नाही. काकी राहिल्या. सून आणि मुलगा गेले, पण नात आजीजवळ राहिली आहे आणि रोज शाळेत जाते. संध्याकाळी ती ओसरीवर बसून आजीला मणी निवडून देऊ लागते. तेव्हा काकी ताट तिच्यापुढून ओढून घेतात आणि आधी पाढे म्हणायला लावतात.