जहाजावरून देवमासे आणि समुद्री पक्ष्यांची गणना : अनुभवी निरीक्षकच का नेमतात?

जंगलातील हरणे किंवा गवे मोजण्यासाठी वापरली जाणारी लाइन ट्रान्सेक्ट पद्धत तुम्ही पर्यावरणशास्त्राच्या किंवा प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकला असाल. ठरलेल्या सरळ रेषेवरून चालायचे, दिसलेला प्रत्येक प्राणी रेषेपासून किती अंतरावर आहे ते नोंदवायचे आणि त्यावरून घनता काढायची. समुद्रावर हीच पद्धत जहाजातून वापरतात. फरक इतकाच की जंगलात पाऊलखुणा, विष्ठा, कॅमेरा ट्रॅप असे इतर पुरावे हाताशी असतात. समुद्रावर देवमासा काही क्षण वर येतो, फवारा सोडतो आणि खाली जातो. त्या क्षणी कोणीतरी तिकडे पाहत असावे लागते, त्याने तो ओळखावा लागतो आणि कळपात किती प्राणी आहेत हे सांगावे लागते. म्हणून या सर्वेक्षणात निरीक्षक हेच मुख्य उपकरण असते. प्रयोगशाळेत तराजू घेताना त्याची अचूकता आपण तपासतो. निरीक्षकांच्या भरतीकडेही तसेच पाहायला हवे.

उदाहरण म्हणून हवाई बेटांभोवतीचे सर्वेक्षण घेऊ. अमेरिकेच्या नोआ या सागरी व वातावरणीय संस्थेने तेथे २००२, २०१०, २०१७ आणि २०२३ मध्ये मोठी सर्वेक्षणे केली. बेटांभोवतीचे अनन्य आर्थिक क्षेत्र सुमारे २४ लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ आठपट. एवढा समुद्र एक-दोन जहाजांनी काही महिन्यांत पाहायचा. अर्थात पाहिला जातो तो अगदी छोटा भाग, आणि त्यावरून संपूर्ण क्षेत्राचा अंदाज बांधला जातो. छोट्या भागातली चूक म्हणूनच मोठी होऊन बाहेर येते.

माचीवरचे काम

जहाजाच्या सर्वांत वरच्या उघड्या माचीवर दोन्ही बाजूंना लोखंडी खांबावर बसवलेल्या २५×१५० आकाराच्या प्रचंड दुर्बिणी असतात. निरीक्षक त्यांना 'बिग आइज' म्हणतात. एका पाळीत तिघे असतात : एक डाव्या दुर्बिणीवर, एक उजव्या दुर्बिणीवर आणि मधला नुसत्या डोळ्यांनी व हातातल्या लहान दुर्बिणीने जवळचे पाणी पाहत संगणकावर नोंदी करणारा. दर ४० मिनिटांनी जागा बदलतात. दोन तास काम, दोन तास विश्रांती, असे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. त्यासाठी सहा निरीक्षक लागतात. जहाज साधारण १० नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर वेगाने जाते.

दुर्बिणीच्या भिंगात बारीक रेघांची मोजपट्टी असते. प्राणी क्षितिजापासून किती रेघा खाली दिसतो यावरून त्याचे अंतर निघते. दुर्बीण जहाजाच्या दिशेशी किती अंशांचा कोन करते हे खांबावरच्या चकतीवर वाचतात. समजा, अंतर ४ किलोमीटर आणि कोन ३० अंश. मग रेषेपासूनचे लंब अंतर ४ × साइन ३० = २ किलोमीटर. हिशेब शाळेतलाच आहे. तो डोलणाऱ्या जहाजावर, वाऱ्यात, डोळ्यांत पाणी येत असताना, एका फवाऱ्यापुरत्या वेळात करायचा असतो. नवखा माणूस कोन आणि अंतर पाच किंवा दहाच्या पटीत 'गोल' करून सांगतो. अनुभवी माणूस दुर्बीण हलवण्याआधी आकडा वाचतो. रेषेजवळच्या नोंदी अशा गोल होऊन शून्यावर साचल्या, तर त्यांच्यावर बसवलेला वक्र बिघडतो आणि नंतर कितीही चांगले सॉफ्टवेअर वापरले तरी तो दुरुस्त होत नाही.

नोंद रेषेपासून तीन सागरी मैलांच्या आत असेल तर जहाज रेषा सोडून कळपाकडे वळते. मग जात ओळखायची आणि संख्या सांगायची. संख्या प्रत्येक निरीक्षक स्वतंत्रपणे आपल्या वहीत लिहितो : सर्वोत्तम अंदाज, जास्तीत जास्त आणि कमीत कमी. आपापसात चर्चा करायची नाही, असा कडक नियम असतो. जहाजाच्या मागे पाण्यात ओढलेल्या हायड्रोफोनवर काही ऐकू आले तरी ध्वनिपथक ते निरीक्षकांना लगेच सांगत नाही. सांगितले तर ते मुद्दाम तिकडेच पाहतील आणि 'न सांगता किती दिसले असते' हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहील.

न दिसलेल्या प्राण्यांचा हिशेब

आता एक काल्पनिक पण सोपे गणित करू. २००० किलोमीटर रेषेवर ४० कळप दिसले, सरासरी कळप १० प्राण्यांचा, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना परिणामकारक अंतर २ किलोमीटर. पाहिलेले क्षेत्र २ × २ × २००० = ८००० चौरस किलोमीटर. त्यात ४०० प्राणी, म्हणजे घनता ०.०५. एकूण क्षेत्र १ लाख चौरस किलोमीटर असेल तर संख्या ५०००.

पण येथे आपण एक गोष्ट गृहीत धरली : अगदी रेषेवरचा प्रत्येक कळप दिसलाच. जंगलात हे बऱ्याच अंशी खरे असते, समुद्रात नाही. कुव्हिए बीक्ड व्हेल तासाभराच्या बुड्या मारतो. त्याची नोंदलेली सर्वांत लांब बुडी ३ तास ४२ मिनिटांची आहे. तोवर जहाज कितीतरी पुढे निघून गेलेले असते. शिवाय समुद्र खवळलेला असला की पांढऱ्या लाटांत पाठीचा काळा ठिपका हरवतो. १९८६ ते २०१० या काळातील प्रशांत महासागरातील सर्वेक्षणांची माहिती वापरून जे बार्लो यांनी २०१५ मध्ये दाखवले, की ब्युफोर्ट मापावर समुद्राची स्थिती शून्याकडून सहाकडे गेली की बहुतेक जातींची रेषेवर दिसण्याची शक्यता झपाट्याने घसरते. हवाईभोवती व्यापारी वारे जवळजवळ सतत वाहतात, त्यामुळे तेथे शांत समुद्र मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट. म्हणून रेषेवरील दिसण्याची शक्यता आधी ठरवून तिने अंदाजाला भागतात. वरील उदाहरणात ती ०.५ धरली तर संख्या १०,००० होते.

भरतीचा मुद्दा इथे येतो. ही ०.५ अनुभवी निरीक्षकांच्या आधीच्या कामावरून काढलेली आहे. समजा या वर्षी पैसे वाचवण्यासाठी नवखे पथक घेतले आणि त्यांची खरी शक्यता ०.३५ निघाली. त्यांना ४० ऐवजी २८ कळप दिसतील. विश्लेषक मात्र ०.५ नेच भागणार. उत्तर येईल ७०००. मागच्या वेळचे १०,००० शेजारी ठेवले तर अहवालात लिहिले जाईल की संख्या ३० टक्क्यांनी घटली. समुद्रात एकही प्राणी कमी झालेला नाही, कमी झाली ती माचीवरची नजर. उलटही घडू शकते, आणि ते जास्त धोक्याचे आहे असे मला वाटते : आधीचे पथक कच्चे आणि आताचे पक्के असेल, तर खरी घट झाकली जाते.

अमेरिकेत या आकड्यांचे पुढे कायद्यात रूपांतर होते. मासेमारीत दरवर्षी किती प्राणी मेले तर साठ्याला धोका नाही, ही मर्यादा अशी काढतात : संख्येचा सावध किमान अंदाज × कमाल वाढदराचा अर्धा भाग (देवमाशांसाठी सहसा ०.०२) × सुधारणा गुणक. किमान अंदाज ८००० आणि गुणक ०.५ असेल तर मर्यादा ८० प्राणी. तोच अंदाज ५६०० झाला तर ५६. हवाईतील टुना पकडणाऱ्या लाँगलाइन बोटींच्या गळावरचे मासे आणि आमिष फॉल्स किलर व्हेल खातात आणि कधी स्वतःच अडकतात. त्यांच्या संरक्षणासाठी २०१२ मध्ये आखलेल्या योजनेनुसार, अशा मर्यादेवर आधारित आकडा ओलांडल्यामुळे बेटांच्या दक्षिणेचा मोठा पट्टा २०१८ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये या मासेमारीसाठी बंद झाला. एका बाजूला बोटवाल्यांचे उत्पन्न, दुसऱ्या बाजूला विरळ प्राणी. दोघांनाही आकडा विश्वासार्ह असण्याचा हक्क आहे.

आणि नेमकी हीच जात मोजायला अवघड. दुरून पाहिल्यास ती पिग्मी किलर व्हेल, मेलन-हेडेड व्हेल किंवा पायलट व्हेलसारखी काळी दिसते. डोक्याचा आकार, पाठीवरच्या पराची जागा, पोहण्याची लय यांवरून फरक करावा लागतो. तिचा कळपही एका जागी नसतो, लहान लहान गट कित्येक किलोमीटरवर पसरलेले असतात. एक गट पाहून 'पाच प्राणी' लिहिणारा निरीक्षक खोटे लिहीत नाही, पण कळप त्याला कळलेला नाही. यामुळे हवाईच्या सर्वेक्षणांत या जातीसाठी गटागटाने मोजण्याची वेगळी कार्यपद्धती ठरवावी लागली.

संख्येच्या अंदाजाची परीक्षाही घेता येते. पूर्व प्रशांत महासागरातील डॉल्फिन सर्वेक्षणांत जहाजावरून हेलिकॉप्टर उडवून कळपांची सरळ वरून छायाचित्रे घेतली आणि छायाचित्रांतील मोजणीशी प्रत्येक निरीक्षकाचे आकडे ताडून पाहिले. मोठे कळप माणसे सहसा कमी सांगतात, असे दिसले. गंमत अशी की चूक करणारा निरीक्षक चालतो, पण त्याची चूक दरवेळी सारखी हवी. नेहमी २० टक्के कमी सांगणाऱ्याला गुणक लावता येतो. आज कमी, उद्या जास्त सांगणाऱ्याला नाही. जुने निरीक्षक पुन्हा पुन्हा बोलावले जातात त्याचे हेही एक कारण आहे : त्यांची चूक माहीत असते.

पक्षी मोजणारे वेगळे

त्याच जहाजावर पक्ष्यांचे दोन निरीक्षक आळीपाळीने काम करतात. त्यांची पद्धत निराळी असते. जहाजाच्या ज्या बाजूला चकाकी कमी, तिकडे ३०० मीटर रुंदीच्या पट्ट्यातील पक्षी मोजायचे. पट्ट्याची कड ओळखण्यासाठी खुणा केलेली पट्टी किंवा पेन्सिल हात ताणून क्षितिजाशी धरतात. साधन दोन रुपयांचे, पण चांगले चालते.

येथील अडचण वेगाची आहे. शीअरवॉटर जहाजाच्या दुप्पट वेगाने उडतो. पट्ट्यातून गेलेला प्रत्येक पक्षी मोजत राहिलात तर घनता फुगते. मार्क टास्कर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सुचवलेला उपाय असा, की उडणारे पक्षी ठरावीक क्षणांनाच, जणू छायाचित्र घेतल्यासारखे मोजावेत. दुसरा उपाय उडण्याची दिशा नोंदवून नंतर गणिताने दुरुस्ती करण्याचा. जहाजाला पाहून उडालेले उडते मासे टिपायला बूबी पक्षी तासन्‌तास सोबत येतात, त्यांना दर मिनिटाला नवीन पक्षी म्हणून लिहिणे ही नवख्यांची ठरलेली चूक. ओळख तर देवमाशांपेक्षाही कठीण. हवाईयन पेट्रेल आणि गॅलापागोस पेट्रेल या २००२ पर्यंत एकच जात मानल्या जात होत्या. समुद्रावर त्यांना वेगळे सांगणे आजही मोजक्यांनाच जमते. त्यामुळे देवमाशांचा उत्तम निरीक्षक पक्ष्यांच्या जागेसाठी आपोआप पात्र ठरत नाही.

निवड करताना काय पाहतात

अर्जात पदवीपेक्षा 'समुद्रावरील दिवस' महत्त्वाचे असतात : कोणत्या जहाजावर, कोणत्या महासागरात, बिग आइजवर किती दिवस. तेल-वायू शोधाच्या जहाजांवर काम करणाऱ्या सागरी प्राणी निरीक्षकांचे प्रमाणपत्र इथे पुरेसे नसते. तेथे काम असते भूकंपीय स्फोट सुरू करण्यापूर्वी ५०० मीटरच्या आत प्राणी नाही ना हे पाहण्याचे. अंतरांचे वितरण, कळपाची संख्या, दूरवरची ओळख यांचा सराव त्यातून फारसा होत नाही. मग वैद्यकीय तपासणी, उभ्या शिड्या चढण्याची क्षमता, आणि सुमारे महिनाभराच्या एकेका फेरीत त्याच पंचवीस-तीस माणसांबरोबर चिडचिड न करता राहण्याची वृत्ती. शेवटची अट जाहिरातीत सौम्य शब्दांत असते, पण निवड करणारे शिफारस देणाऱ्याला तीच आधी विचारतात.

माझ्या मते सर्वांत चांगला प्रश्न हा : 'ओळखता आले नाही तर काय लिहाल?' चांगला निरीक्षक 'अनोळखी बीक्ड व्हेल' किंवा 'अनोळखी डॉल्फिन' असे निःसंकोच लिहितो. त्या नोंदीचा पुढे उपयोग करता येतो. आत्मविश्वासाने लिहिलेले चुकीचे नाव मात्र कोणालाही पुन्हा सापडत नाही.

सगळेच अनुभवी घेतले तर नवे कधी शिकणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून प्रत्येक पाळीत ओळखीत तरबेज असा किमान एक ज्येष्ठ ठेवून त्याच्यासोबत कमी अनुभवाचे लोक बसवतात आणि कोणी केव्हा पाहत होते हे नोंदवतात, म्हणजे विश्लेषणात निरीक्षक हा घटक वेगळा धरता येतो.

आपल्याकडेही ही गरज आता पुस्तकी राहिलेली नाही. अमेरिकेने २०१६ मध्ये नियम केला, की तेथे मासळी निर्यात करणाऱ्या देशांनी आपल्या मासेमारीत सागरी सस्तन प्राण्यांची हानी मर्यादेत आहे हे दाखवावे. त्यासाठी आधी प्राणी किती हे माहीत हवे. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्था यांनी असे मूल्यांकन हाती घेतले आहे. सागर संपदा या संशोधन जहाजावरूनही पूर्वी अशा नोंदी झाल्या आहेत. किनाऱ्याजवळ, उदाहरणार्थ सिंधुदुर्गात, लहान बोटींतून डॉल्फिनची सर्वेक्षणे झाली आहेत. तेथील मच्छीमार ज्याला गादा म्हणतात तो हंपबॅक डॉल्फिन मोजत अंतर आणि कोन नोंदवण्याची सवय लावून घेणे, हा तुमच्यासाठी बिग आइजकडे जाणारा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

स्वाध्याय : वरील उदाहरणात नवख्या पथकाने २८ कळप नोंदवले आणि शिवाय सरासरी कळप १० ऐवजी ८ सांगितला, तर अंतिम संख्या किती येईल? त्यातील किती घट नजरेमुळे आणि किती अंदाजामुळे, हे वेगळे करून दाखवा. ते करण्यासाठी कोणती माहिती जहाजावरच गोळा करून ठेवायला हवी होती, तेही लिहा.