वाघाचं बळ, बकऱ्यांची संख्या

गेल्या दिवाळीत मूलला बहिणीकडे गेलो होतो. फराळाचं ताट तसंच पडलेलं आणि भाचा मोबाइलकडे बघत फुरंगटून बसलेला. "मामाजी, मायी जादूगारीण पार पांगळी करून टाकली ना जी! काहून असं करतेत हे लोकं?"

झालं होतं असं, की रात्रीतून खेळाचा नवा अपडेट आला आणि तिचा बर्फाचा मारा शत्रूला पूर्वीच्या निम्माच वेळ गोठवू लागला. खेळाडू याला 'नर्फ' म्हणतात. ताकद वाढवली तर 'बफ'. हजारो माणसं एकाच आभासी जगात एकत्र खेळतात, तिथे निर्मात्यांचं हे काम कधीच संपत नाही.

या खेळांत प्रत्येकाने आपली जात निवडायची असते, म्हणजे 'क्लास'. मार अंगावर झेलणारा 'टँक', जखमा भरणारा 'हीलर' आणि शत्रूला लोळवणारे बाकीचे. सगळ्यांना सारखंच बळ दिलं तर निवडीत मजा उरत नाही. म्हणून प्रत्येक बळाला किंमत लावतात. जादूगार लांबून भाजून काढतो, पण त्याच्या अंगावर चिलखत नाही, नुसतं कापड. मोठा वार एकदा केला की पुन्हा करायला थांबावं लागतं, तो 'कूलडाउन'. मंत्राला 'माना', म्हणजे जादूची शक्ती, खर्च होते. निर्माते हेच आकडे खालीवर करत राहतात.

नोव्हेंबर 2004 मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चं उदाहरण घ्या. त्यात 9 क्लास होते आणि अलायन्स व होर्ड अशा दोन बाजू, पण पॅलाडिन फक्त अलायन्सकडे आणि शामन फक्त होर्डकडे. दोन्ही बाजूंची पारडी सारखी ठेवणं अवघड होऊन बसलं. शेवटी जानेवारी 2007 च्या विस्तारात दोन्ही क्लास दोघांनाही मिळाले. दुसरी अडचण याहून चिवट आहे. जे गोठवणं समोरच्या खेळाडूला हतबल करतं, ते अवाढव्य राक्षसावर चालतच नाही. एका लढाईसाठी आकडा बदलावा तर दुसरी बिघडते. 'गिल्ड वॉर्स'ने म्हणूनच काही कौशल्यांच्या दोन आवृत्त्या केल्या: माणसाशी लढताना एक, राक्षसाशी लढताना दुसरी.

आम्हा चंद्रपूरकरांना हा हिशेब नवा वाटू नये. ताडोबाचा वाघ बलाढ्य खरा, पण त्याची धाव थोडी. दबकत जवळ जाता आलं नाही तर शिकार हुकते, आणि बहुतेक वेळा ती हुकतेच. चितळाकडे नाक आणि कान, वानराकडे शेंड्यावरची नजर, आणि दोघांना एकमेकांच्या हाका कळतात. रानकुत्रा एकटा काय करणार? पण कळपाने तो सांबर पाडतो. फरक इतकाच, की हरलेलं चितळ तक्रार करायला उरत नाही. हरलेला खेळाडू मात्र तक्रारही करतो आणि खेळ सोडूनही जातो.

भाच्याला हे सांगण्यापेक्षा दाखवावं म्हणून खडूने ओसरीवर वाघ-बकरीचा पट आखला. नेपाळात 'बाघचाल' म्हणतात तो: 25 बिंदू, चार कोपऱ्यांत 4 वाघ, आणि बाहेरून एकेक करून येणाऱ्या 20 बकऱ्या. वाघ म्हणून चिंचोके, बकऱ्या म्हणून खडे. वाघ बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारून तिला खातो; तिच्या पाठीशी दुसरी बकरी उभी असली की उडी बंद. बकऱ्यांनी चारही वाघ कोंडले की त्या जिंकल्या.

भाच्याने वाघ घेतले. दोन बकऱ्या खाल्ल्या, मग एकेक वाघ कोपऱ्यात अडकत गेला. "बकऱ्या लई झाल्या जी, पंधराच ठेवा!" मी बाजू बदलली. आता त्याच्या बकऱ्या धडाधड गेल्या. "वाघ तीनच पाहिजेत!"

मी हसलो. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी हा खेळ संगणकावर सोडवून पाहिला आहे. दोन्ही बाजूंनी एकही चूक केली नाही, तर तो बरोबरीत सुटतो. हे सांगितल्यावर भाचा पटाकडे बघत राहिला. मोबाइल बाजूला पडला होता.

"म्हंजे चूक मायीच होती का जी?" म्हणत त्याने खडे पुन्हा गोळा केले. "आता तुमी वाघ घ्या."